तीन भांड्यांचा कारखाना

बिअर म्हटलं की चकचकीत पोलादी टाक्या, नळ्यांचं जाळं आणि पांढऱ्या कोटातली माणसं असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडमध्ये मात्र हजारो लोक ती घरच्या घरी, गॅरेजमध्ये किंवा मागच्या खोलीत करतात आणि त्यातले बरेच जण लागणारी भांडीही स्वतःच तयार करतात. नोकरीनिमित्त मी काही वर्षं तिथे होतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या बरोबरीने अशी भांडी जोडायला माझाही हात लागला. खरं सांगायचं तर मला बिअरपेक्षा त्या भांड्यांचंच कुतूहल जास्त होतं. आज त्यांच्याविषयीच सांगणार आहे.

आधी कायद्याचं बोलू. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून तो बिअरवर बसवला आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागू लागला. तो परवाना १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत अशी मोकळीक देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली. ही मोकळीक घरच्या वापरापुरती आहे. विकायची म्हटलं की कर आला, आणि दारू गाळणं तर तिथेही परवान्याशिवाय गुन्हाच आहे. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर करता येत नाही. म्हणून जे सांगतो आहे ते समजून घेण्यासाठी, करून पाहण्यासाठी नव्हे.

घरी बिअर करण्याचे दोन मार्ग. एक सोपा. माल्टचा घट्ट पाक डब्यात तयार मिळतो, तो आणून पाण्यात मिसळायचा. दुसरा मार्ग थेट धान्यापासून सुरू होतो, आणि खरी अवजारं लागतात ती इथे. ती का लागतात हे कळायला आपली नाचणी मदतीला येते. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो. मोड आलेल्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षा पातळ होते, हे घरोघरी ठाऊक आहे. कारण मोड येताना दाण्यात विकरं, म्हणजे एन्झाइम्स तयार होतात आणि ती पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर करतात. सातूला असेच मोड आणून ते भट्टीत वाळवले की झाला माल्ट. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी माल्टमधूनच ‘डायास्टेज’ वेगळं काढलं. वेगळं काढलेलं ते पहिलं विकर.

ही विकरं कामसू असली तरी लहरी आहेत. ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला त्यांच्यातलं एक जोरात काम करतं, तेव्हा यीस्टला सहज खाता येईल अशी साखर जास्त बनते आणि बिअर हलकी, कोरडी होते. ६८-७० अंशांना दुसऱ्याचा वरचष्मा होतो आणि बिअर दाट लागते. त्याहून बरंच तापवलं तर दोन्ही निकामी. म्हणजे भरडलेला माल्ट आणि पाणी यांचं मिश्रण साधारण ६६ अंशांवर तासभर टिकवायचं, हा पहिला प्रश्न.

त्याचं उत्तर म्हणजे सहलीला नेतात ती बर्फाची पेटी. थंडी आत कोंडणारी पेटी उष्णताही तितकीच कोंडून ठेवते. साधारण २३ लिटर बिअरसाठी पाच किलो माल्ट लागतो. त्यावर साडेबारा लिटर पाणी ७४ अंशांना ओतलं की गार धान्यात मिसळून मिश्रण ६६ च्या आसपास येतं. पेटी आधी गरम पाण्याने शेकून घ्यायची, नाहीतर तीच उष्णता पिते. तळाशी तांब्याच्या नळीची चौकट बसवायची आणि तिला करवतीने बारीक खाचा पाडून खाचांची बाजू खाली ठेवायची. नळीचं टोक पेटीच्या तोटीला जोडायचं. तासाभराने तोटी उघडली की गोड काढा खाली येतो आणि चोथा वर राहतो. गाळण्याचं काम मुख्यतः धान्याची टरफलंच करतात, नळी फक्त वाट देते. म्हणून माल्ट भरडायचा, पीठ करायचं नाही. पहिला गढूळ काढा पुन्हा वर ओतायचा, आणि मग चोथ्यात उरलेली साखर ७५-७६ अंशांच्या पाण्याने हळूहळू धुऊन घ्यायची. पाणी फार तापलं तर टरफलांचा तुरटपणा उतरतो.

दुसरं भांडं उकळण्याचं. काढा तासभर खळखळून उकळतात, तेव्हा जंतू मरतात, नको असलेले वास वाफेबरोबर जातात आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडूपणा उतरतो. हा कडूपणा नुसत्या भिजवण्याने येत नाही, त्याला उकळीच लागते. काढा २८ लिटर असेल तर भांडं पस्तीस लिटरचं तरी हवं, कारण सुरुवातीला दुधासारखा तो उतू जायला बघतो. इंग्लंडमध्ये समारंभात चहाचं पाणी तापवायचे मोठे विजेचे बंब असतात, त्यांचा यासाठी उत्तम उपयोग होतो. काही जण प्लॅस्टिकच्या पिंपाला विजेच्या किटलीचं तापक बसवतात. तिथे मात्र पक्कं अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच यांशिवाय हात लावू नये. धान्य धुवायचं पाणीही याच बंबात तापतं. काढा तोवर आंबवण्याच्या बादलीत थांबतो. एकेका भांड्याकडून दोन-दोन कामं करून घेणं हीच घरगुती कारखान्याची युक्ती.

उकळलेला काढा लवकर गार करावा लागतो. कोमट काढा रात्रभर पडून राहिला तर हवेतले जंतू यीस्टच्या आधी पंगतीला बसतात. त्यासाठी दहा मिलिमीटर जाडीची, दहा मीटर लांब मऊ तांब्याची नळी एखाद्या डब्याभोवती गुंडाळून वेटोळं करतात. ते उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत काढ्यात सोडलं की निर्जंतुक होतं. मग आतून नळाचं गार पाणी सोडायचं. अर्ध्या तासात काढा वीस अंशांच्या जवळ येतो, आणि बाहेर पडणारं गरम पाणी भांडी घासायला होतं.

तिसरं भांडं आंबवण्याचं. झाकणाची, अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकची बादली आणि झाकणावर पाण्याचा एक छोटा सापळा, ज्यातून वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही. १८ ते २० अंशांना आठवडाभरात यीस्ट आपलं काम आटोपतं.

यात जिवाशी खेळ होऊ शकतो अशा जागा आहेत. जोडांना शिशाचा डाख चालत नाही, कारण आंबट काढ्यात शिसं उतरतं. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको. रंगाचे किंवा रसायनांचे जुने डबे नकोत. आणि आंबणं पुरतं थांबायच्या आत बाटल्या भरल्या, तर आतल्या दाबाने त्या फुटून काचा उडतात.

म्हणून दोन वस्तू मात्र घरी करू नयेत, विकत घ्याव्या. चांगला तापमापी आणि द्रवाची घनता सांगणारा हायड्रोमीटर. घनता १.०४५ वरून १.०१० वर आली आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिली, तर बाटल्या भरायला हरकत नाही. बाकी कशाच्याही जागी दुसरं काही चालतं, मोजमापाच्या जागी अंदाज चालत नाही. उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचं नातं मोजून दाखवणारा जेम्स जूल सॅलफर्डच्या एका बिअर कारखानदाराचा मुलगा होता, आणि तापमानातला अगदी सूक्ष्म फरक टिपणं हेच त्याच्या प्रयोगांचं बळ होतं.

हे सगळं करण्यापेक्षा दुकानातली बाटली सोपी, हे खरंच. पण ही तीन भांडी जोडणाऱ्याला धान्य कोणत्या अंशाला गोड होतं, ते का उकळायचं आणि घाईने का गार करायचं हे माहीत असतं. भांडं कशासाठी हवंय ते नेमकं कळलं, की ते कशाचं करावं हे घरातल्या वस्तूंकडे पाहूनच सुचतं. बर्फाच्या पेटीत गरम पाणी ओतायचं धाडस त्यातूनच येतं.