पानावरचा आडवा हात

1960च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. इस्रायलमध्ये तेल अवीवहून रेहोवोतकडे निघालेल्या बसमध्ये एक तरुण रसायनशास्त्रज्ञ पिशवी सांभाळत बसला होता. आजूबाजूचे प्रवासी वास घेत एकमेकांकडे पाहत होते. पिशवीत 5 किलो चरस! लेबननमधून चोरट्या वाटेने आलेला, पोलिसांनी पकडलेला आणि त्यांनीच संशोधनासाठी देऊन टाकलेला माल. असा माल द्यायला-घ्यायला वेगळी परवानगी लागते, हे त्या शास्त्रज्ञाला मागाहून कळलं. त्याचं नाव राफेल मेशुलम.

त्याला पडलेला प्रश्न साधा होता. अफूतून मॉर्फिन आणि कोकाच्या पानांतून कोकेन एकोणिसाव्या शतकातच वेगळं काढलं गेलं. मग हजारो वर्षं माणसाच्या ओळखीच्या गांजात नेमकं काय चढतं, हे अजून कुणालाच कसं नक्की माहीत नाही? अडचण झाडाच्या चिकातच होती. त्यात जुळ्या भावंडांसारखी दिसणारी डझनावारी संयुगं एकमेकांत मिसळलेली असतात. 1964 साली मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये त्यातलं एक शुद्ध स्वरूपात बाजूला काढलं आणि त्याची रचना मांडली. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी. 21 कार्बन, 30 हायड्रोजन आणि 2 ऑक्सिजन, असे अवघे 53 अणू.

मेशुलम यांनी मित्रांना घरी बोलावलं. पत्नीने केक केला होता. पाच जणांच्या तुकड्यांवर 10-10 मिलिग्रॅम टीएचसी घातलं, म्हणजे चिमटीत येईल न येईल इतकं. उरलेल्यांचा केक साधा. थोड्या वेळाने एक जण म्हणाला, मला काहीच होत नाही. आणि बोलायचा थांबेचना. दुसऱ्यालाही काही होत नव्हतं, पण त्याला राहून राहून हसू फुटत होतं. आणखी कुणाला भीतीने घेरलं. साधा केक खाणारे जसेच्या तसे. रेणू एकच, मग माणसागणिक निराळा खेळ का?

उत्तर मिळायला जवळपास पाव शतक गेलं. 1988 साली अमेरिकेतल्या सेंट लुइस विद्यापीठात अ‍ॅलिन हॉलेट आणि विल्यम डेव्हेन यांना उंदराच्या मेंदूत टीएचसीसारख्या रेणूंची किल्ली नेमकी बसेल असं कुलूप सापडलं. त्याला आज सीबी-1 म्हणतात. अशी कुलपं मेंदूत जागोजाग, भरघोस आहेत. इथे मन थबकतं. माणूस आयुष्यात कधी गांजाला शिवलाही नाही, तरी त्याच्या डोक्यात हे कुलूप आहेच. ते रानातल्या एका झुडपासाठी कोण बसवून ठेवील? किल्ली घरातलीच असणार.

1992 साली जेरुसलेममध्ये डेव्हेन, लुमिर हानुश आणि मेशुलम यांना ती डुकराच्या मेंदूतून मिळाली. स्निग्ध आम्लापासून बनलेला एक इवलासा रेणू. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी संस्कृतातला आपला रोजचा शब्द उचलला, आनंद. त्यावरून अ‍ॅनंडामाइड. अशीच दुसरी किल्ली 1995 साली हाती लागली.

ही घरची किल्ली काय करते, ते कळायला पंगतीत बसावं. वाढपी वाढत जातो, पान भरत जातं. पुरे झालं की जेवणारा पानावर आडवा हात धरतो आणि वाढपी थांबतो. मेंदूतल्या पेशींचंही असंच चालतं. एक पेशी संदेश वाढते, दुसरी घेते. घेणारीला जास्त झालं की ती तिथल्या तिथे हा रेणू तयार करून उलट दिशेने पाठवते. तो वाढणाऱ्या पेशीच्या कुलपात बसतो आणि तिचा हात आवरतो. काम झाल्याबरोबर शरीर त्याला मोडूनही टाकतं. ज्या पानावर हवा त्याच पानावर, हवा तेवढाच वेळ.

टीएचसी या पंगतीत शिरतं ते सगळ्याच पानांवर एकदम हात आडवा धरत. कुणाला पुरे झालंय, कुणाला अजून हवंय, ते त्याला ठाऊक नसतं. आणि ते लवकर मोडतही नाही. स्मृती घडवणाऱ्या भागात वाढप थांबतं, म्हणून वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरते. तोल आणि वेळेचं भान सांभाळणाऱ्या भागांत थांबतं, म्हणून पाय अडखळतात आणि पाच मिनिटांचा अर्धा तास वाटतो. कधी ज्याचा हात धरला जातो तो चेतवणारा वाढपी असतो, कधी शांतवणारा. त्यामुळेच थोड्या मात्रेत सैल झालेलं मन जास्त मात्रेत धास्तावतं. केकच्या तुकड्यांचं कोडं बरंचसं इथे सुटतं.

शरीरही यातून सुटत नाही. रक्तवाहिन्या सैलावून डोळे लाल होतात, लाळ आटते, नाडी मिनिटाला 20 किंवा त्याहूनही जास्त ठोक्यांनी वाढू शकते. धुरातून टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतं. पोटातून गेलं तर अर्धा ते दोन तास लागतात, शिवाय वाटेत यकृत त्याचं आणखी एक जोरकस रूप घडवतं. अजून कशी चढली नाही म्हणून भांगेचा दुसरा पेला घेणारा इथेच फसतो. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. दुधात भांग घोटणाऱ्यांच्या हाताला हे रसायनशास्त्राच्या आधीपासून माहीत होतं. शरीरातही ते चरबीत मुरून बसतं. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा काही आठवड्यांनीही सापडतात.

श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात ही कुलपं विरळ आहेत. म्हणून अफूसारखा याने श्वास सहसा बंद पडत नाही. एवढ्यावरून ते निरुपद्रवी ठरवणं मात्र चूक आहे. किशोरवयात मेंदूची घडण चालू असते आणि त्या घडणीत हीच कुलपं राबत असतात. त्या वयात वारंवार घेतलेल्या गांजाचा मनोविकारांच्या वाढत्या धोक्याशी संबंध दिसतो. व्यसनही लागतं.

कुलूप बंदच ठेवलं तर काय होतं, तेही माणसाने पाहिलंय. भूक आवरावी म्हणून सीबी-1ला अडवणारं रिमोनाबँट हे औषध 2006 साली युरोपात आलं. वजन घटलं, पण काही जणांच्या मनावर औदासीन्याचं मळभ आलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. दोनेक वर्षांत ते बाजारातून काढावं लागलं.

मला सगळ्यात जास्त हलवून जातो तो 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांमध्ये हे कुलूप अडवलं, तर पिल्लं आईच्या कुशीत असूनही दूध ओढेनात, आणि बहुतेक दगावली. आईच्या दुधातही, माणसाच्यासुद्धा, त्याच घरच्या किल्ल्या सापडतात. एका चिकट, उग्र वासाच्या झुडपाचा माग काढत निघालेली माणसं पोचली ती इथे, जन्मल्यावरच्या पहिल्या घोटापाशी. 'पुरे' म्हणायला शिकवणारं हे कुलूप त्याआधी 'हवं' म्हणायला शिकवतं.