थंडींतील निसर्गपाठ : निफाडचें गोठलेलें दंव

इंग्रजी शाळेंत जाणारीं आपलीं मुलें डिसेंबर उजाडला कीं पुस्तकांतून बर्फाचीं फुलें पाहूं लागतात, कागदाच्या षट्कोनी चांदण्या कापतात आणि त्या खिडकीला चिकटवितात. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु "आपल्याकडे बर्फ कां पडत नाहीं?" या त्यांच्या प्रश्नाला "आपला देश उष्ण आहे," एवढेंच उत्तर देऊन घरांतील वडील माणसें वर्तमानपत्राकडे वळलीं, म्हणजे पाहण्यासारखा निसर्ग परदेशांतच असतो अशी मुलांची समजूत होते. निदान नाशिककरांनीं तरी ती होऊं देऊं नये.

नाशिक शहराचें तपमान ७ जानेवारी १९४५ रोजीं ०.६ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. शहरापासून सुमारें ४० किलोमीटरांवर असलेलें निफाड तर थंडीसाठीं प्रसिद्धच आहे. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांतील आंकडे हिंवाळाभर वर्तमानपत्रांत येतात, आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथें पारा २ अंशांच्याही खालीं गेला होता. अशा पहाटे गवतावर, भाजीच्या पानांवर, क्वचित् द्राक्षाच्या वेलींवरही दंव गोठून पांढरें झालेलें दिसतें.

येथें चौकस मूल विचारील कीं, पाणी तर शून्य अंशाला गोठतें, मग पारा दोन-तीन अंशांवर असतां दंव गोठलें कसें? प्रश्न अगदीं योग्य आहे. तपमापक जमिनीपासून चारएक फूट उंच, झडपांच्या पेटींत ठेवलेला असतो. तो हवेची थंडी सांगतो, गवताची नव्हे. निरभ्र रात्रीं गवताचें पातें आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकीत राहतें आणि भोंवतालच्या हवेहूनही कांहीं अंश अधिक थंड होतें. त्यांतच थंड हवा जड असल्यामुळें ती पाण्यासारखी सखल भागाकडे उतरते. गोदावरी व कादवा यांच्या खोऱ्यांतील सपाट, मोकळी शेतें तिला सांठण्यास सोयीचीं असतात.

ही उष्णता आकाशाकडे जाते हें लंडनच्या वेल्स नांवाच्या एका डॉक्टरानें इ. स. १८१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मोठ्या सुबकपणें दाखविलें. सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके त्यानें रात्रीं एका उंचावर मांडलेल्या फळीच्या वर व खालीं ठेवले. सकाळीं वजन केलें, तों वरच्या लोकरीनें खालच्यापेक्षां तिपटीहून अधिक दंव टिपलें होतें. आपल्याकडे लोकरीऐवजीं कापूस आणि फळीऐवजीं चार विटांवर ठेवलेला पाट चालेल. वजनाला सोनाराचा कांटा नसला तरी बोटांनीं दाबून पाहतांच फरक कळतो.

दंव पाहतांना एक गोष्ट मात्र मुलांना आधींच सांगावी. गव्हाच्या किंवा हरळीच्या पात्याच्या अगदीं टोंकावर जो एकच टपोरा थेंब असतो, तो बहुधा दंव नसतोच. मुळांनीं रात्रीं ओढून घेतलेलें पाणी पातें टोंकाशीं बाहेर टाकतें. पात्यावर सर्वत्र पसरलेले बारीक कण तें खरें दंव.

गोठलेल्या दंवाचेही दोन प्रकार असतात. आधीं थेंब होऊन मग गोठला, तर तो कांचेच्या मण्यासारखा दिसतो. हवेंतील वाफ पाणी न होतां एकदम बर्फ झाली, तर पानाच्या कडेला सुयांची व पिसांची पांढरी लव उगवते. बर्फाचें फूल या दुसऱ्या प्रकारचें सख्खें भावंड आहे. तें ढगांत अधांतरीं वाढतें, म्हणून त्याला सहाही दिशांना मोकळीक मिळते. सहाच कां, हा प्रश्न केप्लर या ज्योतिर्विदानें १६११ सालीं एका छोट्या पुस्तिकेंत विचारला. त्याचें उत्तर पुढें बर्फाची अंतर्रचना कळल्यावर मिळालें: पाण्याचे अणुरेणू बर्फांत षट्कोनी जाळीनें गुंफलेले असतात. अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांतांतल्या बेंटली नांवाच्या शेतकऱ्यानें १८८५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, हिमकणाचें पहिलें छायाचित्र घेतलें आणि आयुष्यभरांत पांच हजारांहून अधिक घेतलीं. जपानांत नाकाया या शास्त्रज्ञानें १९३६ मध्यें प्रयोगशाळेंत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखविला. थंडी उणे ५ अंशांच्या आसपास असली तर सुया, उणे १५ च्या आसपास असली तर नक्षीदार चांदण्या, असा क्रम त्याच्या प्रयोगांतून कळला.

कणाला वाढण्यास कांहीं तरी आधार लागतो, हें समजाविण्यास आपल्या घरांत संक्रांतीचा हलवा आहे. ढगांतील धुळीचा कण म्हणजे तीळ, आणि वाफ म्हणजे पाक. पाक थेंबाथेंबानेंच घालावा लागतो. घाई केली कीं कांटा येत नाहीं, हें काकू-आजी पुस्तकाहून चांगलें सांगतील. फक्त हलव्याच्या कांट्यांना सहाचा नियम नाहीं.

निफाडास जाणें न जमलें तर स्वयंपाकघरांत हें काम होतें. पत्र्याचा चकचकीत डबा बाहेरून कोरडा करून त्यांत आधीं थंड पाणी, थोडे बर्फाचे खडे व चमचाभर शाई घालावी. डबा घामेजला कीं मुलें म्हणतील, पाणी झिरपलें. बाहेरचे थेंब बिनरंगी पाहून त्यांचें समाधान होईल. मग डबा रिकामा करून पुसावा, तीन भाग कुटलेल्या बर्फांत एक भाग खडेमीठ मिसळून भरावा आणि लोकरीच्या कापडावर ठेवावा. थोड्याच वेळांत बाहेर पांढरी लव चढूं लागेल. ती भिंगानें पाहावी, श्वास लागूं देऊं नये, आणि लहानग्यांना बोटें डब्याला चिकटवून ठेवूं देऊं नयेत.

मात्र हें सौंदर्य ज्याच्या मळ्यांत उतरतें, त्याची रात्र कशी जाते हेंही मुलांनीं पाहिलें पाहिजे. कडक थंडींत द्राक्षांचे मणी तडकतात, वाढ खुंटते, आणि वर्षाचें पीक हातचें जातें. म्हणून बागाईतदार पहाटे बागेंत जागोजाग शेकोट्या पेटवितात व वेलींना पाणी सोडतात. विहिरीचें पाणी त्या वेळीं हवेपेक्षां ऊबदार असतें. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन अशा एखाद्या सकाळीं मुलांना न्यावें; परंतु पांढरीं पानें पाहून तेथें टाळ्या पिटूं नयेत एवढें आधीं बजावावें.

घरीं एक वही ठेवावी. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं आकाश व वारा पाहून उद्यां दंव पडेल कीं नाहीं हें मुलांनीं लिहावें, सकाळीं पडताळावें. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्रीं तें पडत नाहीं, हें आठवड्याभरांत त्यांचें त्यांनाच उमगेल. आणि पैज लावायचीच तर ती तिळाच्या वडीची असावी.