थेरगावच्या मैदानातून

सन २००३. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना रंगला होता. प्रेक्षकांत सहा वर्षांचा एक मुलगा होता. यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू भिरकावणारा ब्रेंडन मॅक्युलमचा फटका त्याच्या मनात ठसला. हा मुलगा म्हणजे ऋतुराज गायकवाड.

वडील संरक्षण संशोधन खात्यात नोकरीस, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. मूळ गाव पुरंदर तालुक्यातील पारगाव मेमाणे. ठरलेल्या पगारात चालणाऱ्या अशा घराने मुलाला पूर्णवेळ मैदानावर सोडणे हा व्यवहार सोपा नव्हता. पेढीवर बसलेला मुलगा चुकला तर सावरून घेणारे चार जण असतात. फलंदाजाची चूक मात्र त्याच क्षणी धावफलकावर लिहिली जाते. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत ऋतुराजचा पाया घातला गेला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये महाराष्ट्राकडून त्याचे रणजी पदार्पण झाले आणि त्याच सामन्यात बोटाचे हाड मोडले. काही आठवडे बॅट हाती धरता येईना. पुढे २० लाख रुपये या मूळ किमतीवर चेन्नई सुपर किंग्जने त्याला घेतले. पण २०१९ चा संपूर्ण हंगाम त्याने बाकावर बसून काढला.

खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. दुबईस पोहोचताच त्याला करोनाने गाठले. सहकारी सराव करीत असताना हा खोलीत एकटा. बाहेर आल्यावर पहिल्या तीन डावांची नोंद अशी : ०, ५, ०. तरुण खेळाडूंत चमक दिसली नाही, असे कर्णधार धोनी याच सुमारास जाहीरपणे बोलून गेला होता. तेवीस वर्षांच्या मुलाने हे कसे पचवले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. उत्तर त्याने बॅटीने दिले : नाबाद ६५, ७२, नाबाद ६२. लागोपाठ तीन अर्धशतके!

पुढच्या वर्षी ६३५ धावा काढून त्याने स्पर्धेतील सर्वाधिक धावांची नारिंगी टोपी मिळवली. चेन्नई विजेता ठरला. त्याच वर्षी २८ जुलैला कोलंबो येथे तो भारताकडून प्रथम खेळला. संघातील एकास करोना झाल्याने त्याच्या संपर्कातील अनेक जण विलगीकरणात गेले होते, म्हणून ही संधी आली. ज्या आजाराने दुबईत दार बंद केले, त्यानेच कोलंबोत ते उघडले, हा योगायोग विलक्षण खरा. त्या दिवशी त्याने २१ धावा केल्या.

२८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादेत उत्तर प्रदेशाविरुद्ध त्याने एका षटकात सात षटकार मारले. षटकात चेंडू सहाच असतात, हे खरे. पण एक नोबॉल पडला आणि त्यावरही षटकार बसला. षटकात ४३ धावा, स्वतःच्या नाबाद २२०. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले तेव्हा संघाचा कर्णधार तोच होता. मात्र अंतिम सामना पावसात वाहून गेल्याने पदक क्रमवारीवर ठरले.

आणि सात षटकारांना बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, गुवाहाटीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध, भारतासाठी पहिले आंतरराष्ट्रीय शतक : ५७ चेंडूंत नाबाद १२३. भारताची धावसंख्या २२२. मॅक्सवेलनेही शतक ठोकले, आणि अखेरच्या चेंडूवर सामना ऑस्ट्रेलियाने नेला.