हंगामाची थंडी आणि लेकराचे अंथरूण



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणी असले विषय घेऊन येतो. यावेळचा विषय पाहून काहींना हसू येईल. ऊस विकास अधिकाऱ्याने लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांवर आणि अंथरुणावर लिहायचे, हे काय? आमच्या घरातूनही तेच ऐकायला मिळाले. "अहो, तुम्हाला दुपट्या-टोपड्यातलं काय कळतंय?" प्रश्न रास्त आहे. पण रात्री-अपरात्री फडावर आणि टोळ्यांच्या तळावर फिरताना जे डोळ्यांना दिसते, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

चार-पाच हंगामांपूर्वीची गोष्ट. दौंड तालुक्यात भीमेच्या काठच्या एका फडात रात्री भरणी चालली होती. ट्रॅक्टर मागे घ्यायचा होता. चालकाने मान वळवली, बांधाकडे पाहिले, मोळ्या पडल्यात एवढेच त्याला दिसले. तेवढ्यात त्यातली एक मोळी हलली. शेजारच्या गड्याने ओरडून गाडी थांबवली. मोळी नव्हतीच ती, दोन वर्षांचे लेकरू होते. पाचटाच्याच रंगाची मळकट वाकळ त्याच्या अंगावर होती आणि आई वीस पावलांवर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढत होती. लेकराला काही झाले नाही. ते जागेसुद्धा झाले नाही. आम्ही मात्र बराच वेळ तिथेच उभे राहिलो. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. राज्यात सगळीकडे असे प्रसंग इतक्या सुखाने संपलेले नाहीत, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

मी त्या बाईंना म्हणालो, "ताई, लेकराला असं बांधावर निजवू नका." त्या म्हणाल्या, "सायेब, कोपीवर कुनापाशी ठिवावं? समदे फडात हैत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बीडचे पाटोदा, आष्टी, केज, तसेच अहिल्यानगरचे पाथर्डी, या भागांतून माणसे येतात. शिरूर-कासारहूनही येतात, म्हणजे एका शिरूरची माणसे दुसऱ्या शिरूरला ऊस तोडायला. शाळेच्या वयाचे पोर आजी-आजोबांपाशी किंवा वसतिगृहात राहू शकते. एक ते तीन वर्षांचे लेकरू आईबरोबरच येणार आणि आई जिथे, तिथेच निजणार. म्हणून त्याच्या अंगावर काय आहे, त्याच्याखाली काय आहे, ही बाब किरकोळ नाही.

आपल्या स्वतःच्या घरातही ती किरकोळ नाही. आमचा धाकटा दोन वर्षांचा असताना मी पुण्याहून मोठ्या हौसेने त्याच्यासाठी केसाळ ब्लँकेट आणि टोपी जोडलेला गुबगुबीत पोशाख आणला. दोन्ही नायलॉन-पॉलिस्टरचे. दिसायला अस्वलाच्या पिलासारखा दिसायचा. रात्री दोनला रडत उठायचा. थंडी वाजत असेल म्हणून आम्ही वर आणखी एक पांघरूण घालायचो. तिसऱ्या दिवशी मानेवर आणि पाठीवर घामोळे उठले, तेही जानेवारीत! आईने ते सगळे उतरवले, मोठ्या भावाचा जुना सुती सदरा आणि पायजमा घातला, वर आपल्या लुगड्याची पातळ गोधडी टाकली. पोरगे सकाळपर्यंत झोपले. मी डिप्लोमाला मातीचे तापमान शिकलो होतो, पोराचे शिकायचे राहिले होते.

त्यातून समजलेली गोष्ट अशी. मुलाचे हात-पाय गार लागले म्हणजे त्याला थंडी वाजते असे नाही. मानेच्या मागे, पाठीवर हात घालून पाहावे. तिथे कोमट आणि कोरडे लागले तर ठीक आहे. घाम असेल तर एक कपडा काढावा. आपल्याकडे जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, कालव्याच्या आणि नदीच्या कडेला तर हवा जास्तच बोचरी असते. पण दोन-तीन वर्षांचे मूल रात्री पांघरूण लाथाडतेच, आपण कितीही वेळा उठून घातले तरी. म्हणून जड रजईपेक्षा अंगावरच्या कपड्यांवर भर द्यावा. आत होजिअरीचे सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायघोळ पायजमा, फार गारठा असेल तर मोजे. मोठ्यांना लागते त्यापेक्षा एखादाच थर जास्त. कानटोपी निजेपर्यंत घालावी, झोप लागली की काढावी, नाहीतर ती सरकून तोंडावर येते. कुंचीची नाडी, गळ्यातला ताईत, काळा दोरा, हे झोपताना गळ्यात नको. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलाच दोरा कुठे अडकून गळ्याला फास बसायचा. कमरेचा करदोटा असू द्या. पण त्याला अडकवलेली सेफ्टी पिन काढून ठेवा.

सोलापुरी चादर आपल्या दौंडच्या रेल्वेमार्गावरचीच, टिकाऊ आणि सुती. मोठ्यांना उत्तम, लहानग्याला एकेरी घडीने पुरते. घोंगडी खाली अंथरायला चांगली, जमिनीचा गारवा वर येऊ देत नाही. पण ती अंगाला टोचते, तेव्हा वर धडपा हवाच. उशीचा हट्ट नको. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशी आणि मऊ-जाड पांघरूण देऊच नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो. त्यापुढच्या मुलाला दुपट्याची एक घडी भरपूर झाली.

आता आगीचा मुद्दा. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोपीचे छप्पर वाढ्याचे, कुडाला पाचट, खाली अंथरायलाही पाचट आणि दारात तीन दगडांची चूल. पहाटे चारला आई भाकरी थापते आणि शेजारी लेकरू झोपलेले असते. पाचट किती लवकर पेट घेते हे आपल्याला सांगायला नको. मी वर्षभर सांगतो की पाचट जाळू नका, सरीत राहू द्या. ते जमिनीचे पांघरूण आहे, लेकराचे नव्हे. त्याच्या धारेने कातडी कापते ती गोष्ट वेगळीच. आपल्या वस्तीवरही पहाटेची शेकोटी असते, पाणी तापवायचा बंब असतो आणि मुले उठल्याबरोबर झोपेच्या कपड्यांतच तिथे जाऊन उभी राहतात.

पॉलिस्टर, नायलॉन आधी वितळते आणि कातडीला चिकटते, भाजल्याची जखम खोल जाते. सुती कापड चिकटत नाही, पण भडकते लवकर, विशेषतः घोळदार आणि फुलाफुलाचे फ्लॅनेल असेल तर. मग घालायचे काय? या प्रश्नावर अमेरिकेतही बरीच उलथापालथ झाली. तिथे १९७० च्या दशकात मुलांचे रात्रीचे कपडे पेट न घेणारे असावेत असा नियम आला. कारखानदारांनी कापडाला ट्रिस नावाचे रसायन लावले. ते कर्करोगाला कारण ठरू शकते असे दिसल्यावर १९७७ मध्ये त्या कपड्यांवर बंदी आली. पुढे १९९६ मध्ये नियम बदलला आणि अंगाबरोबर बसणाऱ्या साध्या सुती कपड्यांना वाट मोकळी झाली. कारण सोपे आहे. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा खेळली नाही तर ज्वाळा लवकर धरत नाही, आणि लोंबता घोळच नसला तर तो चुलीत जाणार कसा? म्हणून रात्रीचा झगा, मोठ्या बहिणीचा ढगळ फ्रॉक, "वाढत्या अंगाचा" म्हणून घेतलेला दोन नंबर मोठा सदरा, हे टाळावे. काटकसर समजते, मीही पगारदार माणूस आहे. पण ढगळ सदऱ्याच्या बाह्या आणि घेर आत दुमडून चार टाके घालायला काही पैसे पडत नाहीत. आणि चुकून भाजलेच तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, चिकटलेले कापड ओढू नये, पेस्ट किंवा शाई लावू नये. सरळ दवाखाना गाठावा.

विंचू-सापाचे म्हणाल तर आपल्या भागात झोपेतल्या माणसाला खरी भीती मण्यारीची. ती रात्री हिंडते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि सूजही येत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडते, पापण्या जड होतात, आणि आपण जंत झाले असतील म्हणून ओवा देत बसतो. असे दिसले की देवऋषी नको, १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्यावे. सापाच्या विषावरची लस हाच उपाय आहे. जुन्नर भागात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करीत आले आहेत. लवकर पोहोचलेली माणसे वाचतात. त्याआधीचा उपाय मात्र आपल्या हातात आहे. बाज असेल तर ती भिंतीपासून हातभर दूर ठेवावी आणि मूल पडू नये म्हणून त्याला आईच्या आणि बापाच्या मध्ये निजवावे. जमिनीवर निजायचे असले तरी मच्छरदाणी हवी, आणि ती चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली हवी. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी ही सापाला दार उघडे ठेवल्यासारखी. निजण्यापूर्वी वाकळ उचलून झटकावी, घडी घातलेली तर नक्कीच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावावी.

शिरूरच्या सभासदांना बिबट्याविषयी मी काय सांगावे? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत भागात जे घडले, लहान मुलांचे जीव गेले, ते आपल्या डोळ्यांसमोर घडले. ऊस उभा असेपर्यंत ओट्यावर, अंगणात, खळ्यावर मुलाचे अंथरूण घालू नये. रात्रपाळीची वीज आली आणि दारे धरायला दोघांना जायचे असले, तरी एकाने घरी थांबावे. पाणी चार सऱ्यांना कमी बसेल, बसू दे.

आता गोधडीविषयी. आपल्याकडच्या आया-आज्यांनी शिवलेल्या वाकळेला बाजारातल्या कशाची सर नाही, हे मी अभिमानाने म्हणतो. जुने, शेकडो वेळा धुतलेले सुती लुगडे, आत धोतराचे धडपे, चारी बाजूंनी धावदोरा. मऊ, हवा खेळणारी, धुता येणारी. पण आता नऊवारी सुती लुगडी घरात राहिली नाहीत. जुन्या साड्या म्हणून हाताशी येतात त्या बहुतेक पॉलिस्टरच्या, आणि त्यांचीच गोधडी शिवली जाते. रंग छान दिसतो, मात्र घाम शोषत नाही, अंगावरून घसरते आणि ठिणगी पडली की वितळते. शंका असेल तर काठाचा एक धागा काढून बाहेर मोकळ्यावर काडीने पेटवून पाहावा. राख झाली तर सुती, टणक गोळी झाली तर कृत्रिम. लेकरासाठी गोधडी शिवताना जुन्या चादरी, धोतरे, गड्यांचे सुती सदरे, लंगोटाचे कापड वापरावे. पॉलिस्टर साड्यांची गोधडी ट्रॅक्टरच्या सीटवर घालायला हरकत नाही.

त्या रात्रीनंतर मी टोळ्यांच्या मुकादमांना एक साधी गोष्ट सांगत आलो आहे. फडावर लेकरू निजवायचेच असेल तर जिथे गाडी फिरते त्या बाजूला नाही, झाडाखाली किंवा उभ्या बैलगाडीच्या आडोशालाही नाही, तर तोडलेल्या मोकळ्या पट्ट्यात, आईच्या नजरेसमोर, शेजारी एक काठी रोवून तिला फडके बांधून. अंगावर लाल, पिवळे, पांढरे असे पाचटात उठून दिसणारे पांघरूण. चालकांनाही सांगितले आहे की मागे घेण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी मारायची. कंटाळा करतात, पण मारतात.

टोळ्या येण्याआधी आपापल्या गट कार्यालयात लहान मुलांच्या गोधड्या आणि मच्छरदाण्या जमा करण्याची व्यवस्था शेतकी खात्याने केली आहे. फार मोठी नको, दोन हात बाय दीड हात पुरे. सुती असावी, धुऊन उन्हात वाळवलेली असावी. लहान मुलांचे उतरलेले सुती कपडे चालतील, फक्त गळ्याच्या नाड्या आणि सुटत आलेली बटणे काढून द्यावीत. आपल्या गटाच्या चिटबॉयकडे दिले तरी पोहोचेल. आणि घरात भडक रंगाची चादर असेल तर गोधडीला वरचे कापड तेच लावा.