भिंतीवरचा छोटा डबा की कॉरिडॉरमधला मोठा?

नव्या वसतिगृहात, लॉजमध्ये किंवा अभ्यासिकेत गेलात, तर हल्ली स्विचबोर्डच्या शेजारी साधारण तेवढ्याच आकाराचा एक पांढरा, चपटा डबा दिसतो. बाहेर काढलेल्या अँटेना नाहीत, लोंबणारी वायर नाही. बारीकसा दिवा आणि खालच्या बाजूला लॅनची एक-दोन भोकं, एवढंच. हा भिंतीवर बसवायचा वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट.

जिथे जिथे वसतिगृहाच्या नेटचा खर्च चर्चेला येतो, तिथे एक प्रश्न हमखास निघतो: "प्रत्येक खोलीत, किंवा दोन खोल्यांत एक, असे एवढेसे डबे कशाला? कॉरिडॉरमध्ये एकच दणकट मशीन टाका की!" ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. पण परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची रात्र असते, पन्नास पोरं एकदम लॉगिन करतात, आणि त्या दणकट मशीनखाली उभं राहूनही पान उघडत नाही. असं का होतं? अनेक उपकरणांनी एकच हवा वाटून कशी घ्यायची, हाच माझ्या पीएचडीचा विषय. म्हणून आज या डब्याबद्दल जरा सविस्तर.

आधी एक घोळ मिटवू. आपण घरी ज्याला सरसकट 'राउटर' म्हणतो, त्यात दोन-तीन यंत्रं एकत्र असतात. राउटर म्हणजे तुमचं घर आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यातला दरवाजा. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे फक्त तारेतलं नेट हवेत आणणारा आणि हवेतलं तारेत घालणारा. मोठ्या इमारतीत दरवाजा एकच असतो, अ‍ॅक्सेस पॉइंट मात्र अनेक.

मोठ्यानं बोललं म्हणजे ऐकू येतं असं नाही

वायफाय हे दोघांचं संभाषण आहे. कॉरिडॉरमधलं मशीन कितीही जोरात बोललं, तरी तुमच्या फोनला उत्तर द्यावंच लागतं. पोचलेल्या प्रत्येक पाकिटाची पोचपावती फोन परत पाठवतो. फोनची बॅटरी छोटी, अँटेना छोटी, त्यामुळे त्याचा आवाजही बेताचाच. परिणाम असा, की फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात, कारण मशीनचा आवाज तुमच्यापर्यंत येतोय. तुमचा आवाज मात्र तिथवर पोचत नाही. "रेंज फुल आहे पण नेट चालत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

त्यात भिंती. सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल कमी झाले की ताकद निम्मी, १० कमी झाले की दहावा हिस्सा. विटांची भिंत थोडी ताकद खाते, आरसीसीची भिंत बरीच जास्त. लोखंडी कपाट मध्ये आलं तर लहरी त्याच्यावर आपटून मागे फिरतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६. दुसरीत चॅनल जास्त आणि वेगही जास्त, पण भिंत ओलांडताना ती लवकर दमते.

व्हिडिओ कॉल नीट चालायला फोनजवळ सिग्नल साधारण उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला हवा, असा या धंद्यातला प्रचलित ठोकताळा आहे. उणे ६७ म्हणजे किती? एका वॉटचा पाच अब्जावा भाग. एवढ्याशा कुजबुजीवर तुमची ऑनलाइन मुलाखत चाललेली असते! आता कळेल, की मधली एक भिंत टाळली तर केवढा फरक पडतो ते.

हवा एकच, बोलणारे पन्नास

खरी गंमत, आणि खरा त्रास, इथे आहे. एका चॅनलवर एका वेळी साधारणपणे एकानंच बोलायचं असतं. दोघे एकदम बोलले की दोघांचंही वाया.

हा प्रश्न वायफायपेक्षा जुना आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडणारं 'अलोहानेट' सुरू केलं. नियम सोपा: मनात आलं की बोला, पोचपावती आली नाही तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोला. गणित केल्यावर दिसलं, की असं केल्यानं हवेतला जास्तीत जास्त १८.४ टक्केच वेळ कारणी लागतो. उरलेला टकरांत किंवा शांततेत जातो.

वायफायनं त्यात शिस्त आणली: आधी कान द्या, कोणी बोलत नसेल तरच बोला. तरीही दोघे एकाच क्षणी सुरू करू नयेत म्हणून प्रत्येक जण मनात एक आकडा धरतो, सुरुवातीला ० ते १५ मधला, आणि ९ मायक्रोसेकंदांच्या एकेका ठोक्यानं तो मोजत खाली येतो. टक्कर झालीच, तर आकड्यांचा पल्ला दुप्पट करायचा. असं वाढत वाढत १०२३ पर्यंत. माणसं जितकी जास्त, तितक्या टकरा जास्त आणि वाट पाहणंही जास्त.

कॉरिडॉरमध्ये आणखी एक फजिती होते. पहिल्या खोलीतला फोन आणि शेवटच्या खोलीतला फोन, दोघांनाही मधलं मशीन ऐकू येतं, पण एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. दोघांनाही वाटतं हवा मोकळी आहे, दोघेही बोलतात, आणि मशीनपाशी टक्कर होते. याला 'लपलेल्या साथीदाराचा' प्रश्न म्हणतात.

एक संथ फोन सगळ्यांना कसा थांबवतो

आता माझा सगळ्यात आवडता भाग. २००३ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मार्टिन ह्यूस आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. वायफाय सगळ्यांना बोलण्याची समान संधी देतं, समान वेळ नाही. यातून काय होतं, ते एका सोप्या हिशोबानं पाहू.

एक पाकीट १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं. मशीनजवळच्या फोनचा वेग ५४ मेगाबिट. त्याला एक पाकीट पाठवायला लागतात सुमारे २२२ मायक्रोसेकंद. टोकाच्या खोलीतला फोन सिग्नल कमी म्हणून ६ मेगाबिटवर उतरलेला. त्याला त्याच पाकिटाला लागतात २००० मायक्रोसेकंद. दोघांनी आळीपाळीनं एकेक पाकीट पाठवलं, तर एका फेरीला २२२२ मायक्रोसेकंद. बाकीचा सगळा खर्च सोडून दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला येतात फक्त ५.४ मेगाबिट. म्हणजे ५४ चा फोनही ५.४ वर! त्याचा काही दोष नसताना.

म्हणून "मशीनखाली उभं राहूनही नेट चालत नाही". लांबच्या खोल्यांतले संथ फोन हवेतला बहुतेक वेळ खाऊन टाकतात. वेळेची समान वाटणी करणारी सोय काही नव्या मशीनांत असते, पण मशीन वेळ वाटणार स्वतःच्या बोलण्याचा. फोन स्वतःहून बोलायला लागले की त्यांच्यावर तिचा ताबा मर्यादितच. खरा उपाय म्हणजे कोणी संथ राहूच नये. त्यासाठी अ‍ॅक्सेस पॉइंट खोलीतच हवा.

मग छोटा डबा काय करतो?

छताला लावायचं मशीन छत्रीसारखं चहूकडे सिग्नल पसरवतं. भिंतीवरचा डबा मुख्यतः समोरच्या खोलीकडे तोंड करून बोलतो. फोन चार-पाच मीटरवर, मधे भिंत नाही, म्हणजे दोघांनाही एकमेकांचं नीट ऐकू येतं. पाकीट झटकन जातं, हवा लवकर मोकळी होते.

आणि ज्या भिंतीला आपण मघाशी शिव्या घातल्या, तीच आता कामाला येते. शेजारच्या खोलीतला गोंगाट ती अडवते, त्यामुळे थोड्या अंतरावर तेच चॅनल पुन्हा वापरता येतं. फक्त एक अट: आवाज कमी ठेवायचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. प्रत्येक खोलीत डबा लावून सगळे पूर्ण ताकदीवर ठेवले, तर आधीपेक्षा वाईट अवस्था होईल. म्हणून काही डब्यांतलं २.४ चक्क बंद ठेवतात आणि भर ५ गिगाहर्ट्झवर देतात.

डब्याला वीज वेगळी लागत नाही. लॅनच्या केबलमधूनच ती येते. पलीकडचा स्विच आधी अगदी कमी दाबानं चाचपून बघतो, की समोर सुमारे २५ किलोओहमचा ठरावीक रोध आहे का. ओळख पटली तरच वीज सोडतो. म्हणून चुकून लॅपटॉप लावला तरी जळत नाही. साध्या प्रकारात स्विचकडून १५.४ वॉटपर्यंत वीज निघते, डब्याला १२.९५ मिळण्याची खात्री असते. केबल १०० मीटरपर्यंत चालते. आपल्याकडे याचा खास फायदा: लोडशेडिंगमध्ये स्विच आणि राउटरला एक यूपीएस दिला की मजल्यावरचे सगळे डबे चालू राहतात.

वायफाय ६ चा डबा असेल तर आणखी एक सोय. २० मेगाहर्ट्झच्या एका चॅनलचे ९ पर्यंत तुकडे करून, फोनलाही ते जमत असेल तर, तो एकाच वेळी अनेकांची छोटी पाकिटं नेऊ शकतो. नऊ जणांची एकेक पिशवी पोचवायला नऊ टेम्पो करण्यापेक्षा एकच टेम्पो, तसं. मेसेज आणि फॉर्मसारख्या छोट्या कामांना हे फार उपयोगी. शिवाय एकाच डब्यातून विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे यांची जाळी वेगवेगळी ठेवता येतात.

खोक्यावरचे आकडे वाचताना

'एएक्स ३०००' असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे २.४ चे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ मेगाबिट यांची बेरीज, तीही वर ढकललेली. एक फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो. दोन अँटेनांचा फोन ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर जास्तीत जास्त १२०१ ला जोडला जातो, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पोचपावत्या आणि वाट पाहण्यात जातो. डब्यामागचं लॅनचं भोक १ गिगाबिटचं असेल, तर त्यापुढे सगळं तिथेच अडणार. 'इतकी उपकरणं जोडता येतात' हा आकडाही तसाच: जोडली जाणं वेगळं, त्या सगळ्यांना एकदम काम करता येणं वेगळं.

तेव्हा तुम्ही एखाद्या वसतिगृहाच्या किंवा अभ्यासिकेच्या समितीवर असाल, तर विक्रेत्याला "ताकद किती?" हे विचारू नका. तीन गोष्टी विचारा. सगळ्यात लांबच्या खोलीत, दार लावून, कपाटाआडच्या पलंगावर सिग्नल उणे किती येतो? एका मशीनवर गर्दीच्या वेळी किती जण असतील? आणि चॅनल व ताकद कोण ठरवणार, कोण तपासणार? केबल ओढायचा खर्च सुरुवातीला जास्त वाटेल, हे खरं. पण शेवटच्या खोलीतल्या पोराचा फोन वेगानं चालला, तर त्याचा फायदा पहिल्या खोलीतल्यालाही होतो. वरचा ५.४ चा हिशोब कागदावर मांडून बैठकीत दाखवा. तो समजायला पीएचडी लागत नाही.