बाटलीत भरलेले सरबत ठेवायचे कुठे?

आंब्याचा स्क्वॅश कसा करावा, हे गावोगावच्या भगिनींना सांगण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. तो ठेवावा कुठे, हे मात्र एका मे महिन्यात माझ्याच घरी मला नीट कळले. सौभाग्यवतींनी बारा बाटल्या भरल्या आणि मुलांचा हात लागू नये म्हणून मी त्या पत्र्याखालच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या. आठवड्याने भर दुपारी बार उडाल्यासारखा आवाज झाला. एका बाटलीचे बूच पत्र्यावर आदळले, दोन फुटल्या. काचा खाली पाळण्यात पडल्या. पाळणा त्या वेळी रिकामा होता, एवढेच नशीब.

झाले काय? फळाबरोबर किण्व, म्हणजे यीस्ट, येतेच. ते साखर खाते आणि मद्यार्क व कर्बवायू तयार करते. २५ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब त्याला फार मानवते. इंग्लंडात १९६३ पासून स्वतःपुरती बियर घरी करायला परवाना लागत नाही. तिथले हौशी लोक बाटलीत मुद्दाम थोडी साखर घालतात, दोनेक आठवडे २० अंशांच्या आसपास ठेवतात आणि वायू भरला की बाटल्या गार जागी हलवतात. त्यांना हवे असते तेच आपल्या सरबतात नको असते. शिवाय द्रव तापला की त्यात वायू विरघळून राहत नाही, वर येऊन दाब वाढवतो. बाटल्या दुपारी फुटल्या त्या यामुळे.

'औषध कशाला?' म्हणून आम्ही परिरक्षक टाळला होता, हीही चूकच. आंबा, लिंबू यांच्या एक किलो स्क्वॅशला सुमारे ०.६ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरते. कोकम, जांभूळ यांचा रंग त्याने उडतो. तिथे सोडियम बेंझोएट तेवढ्याच बेताने वापरावे. बाटल्या उकळून घ्याव्यात, वर बोटभर जागा सोडावी.

ठेवायला धाब्याच्या घरातले अंधारे माजघर उत्तम. चूल, खिडकी आणि पत्रा यांपासून बाटली दूर हवी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सुचवलेला शीतकक्षही घरी बांधता येतो. विटांच्या दुहेरी भिंतीत साडेसात सेंटिमीटर फट ठेवून वाळू भरायची आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आत दहा-पंधरा अंशांचा फरक पडतो; कोकणच्या दमट हवेत फारसा नाही. आतल्या ओलीने पत्र्याची बुचे गंजतात, म्हणून बाटलीचे तोंड वितळलेल्या मेणात बुडवून घ्यावे.

बाटलीत बुडबुडे दिसले तर तिला दुपारी हात लावू नका. पहाटेच्या गारव्यात, न हलवता, ओले गोणपाट टाकून, तोंड बाजूला करून बूच सैल करा. ते सरबत पिऊ नये. आमच्या उरलेल्या नऊ बाटल्या अशाच उकिरड्यावर रिकाम्या केल्या.