ध्वनिक्षेपकाची पत्रिका



भाताची कापणी आटोपून दिवाळी सरली, कीं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टींत नाटकांचे दिवस सुरू होतात, ते होळीपर्यंत चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हें ह्या नाटकमंडळ्यांचें माहेरघर. मंडई किंवा शंकरपट असेल त्या गांवीं त्या जातात, आणि रात्रीं उघडलेला पडदा पहांटेपर्यंत पडत नाहीं. ह्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. परंतु नट कितीहि थोर असला तरी शेवटच्या रांगेंत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीला त्याचे शब्द कळतात कीं नाहींत, हें बऱ्याच अंशीं रंगमंचाशेजारीं रचलेल्या लाकडी पेट्यांवर अवलंबून असतें. आज बोलावयाचें आहे तें ह्या पेट्यांविषयीं.

स्पीकर विकत घेणारा मनुष्य दुकानदाराला बहुधा दोनच प्रश्न विचारतो : किती इंची, आणि किती वॉटचा? माझ्या मतें ह्या दोन आंकड्यांतून सर्वांत कमी बोध होतो. वॉट म्हणजे आवाज नव्हे. आंतल्या तारेचें वेटोळें जळून न जातां किती विद्युत्शक्ति सोसतें, एवढेंच तें सांगतें. आवाज किती निघेल हें संवेदनक्षमतेच्या आंकड्यावरून कळतें. दर तीन डेसिबेलांना शक्ति दुप्पट लागते. म्हणून ९६ डेसिबेलांचा स्पीकर १०० वॉटांत जें काम करतो, त्यासाठीं ९० डेसिबेलांच्या स्पीकरला ४०० वॉट पाजावे लागतात. उघड्या मैदानांत अंतर दुप्पट झालें कीं सहा डेसिबेल गळतात. तेव्हां हा हिशेब म्हातारीच्या रांगेपर्यंत फार महाग पडतो.

आतां पेटीकडे वळूं. स्पीकरबरोबर जो माहितीचा कागद येतो ती त्याची जन्मपत्रिकाच समजा. तिच्यांत तीन ग्रह मुख्य. पहिला एफ्-एस् : पेटीबाहेर मोकळा असतां कोन ज्या गतीनें स्वभावतःच झुलूं पाहतो ती आवर्तनसंख्या. दुसरा क्यू-टी-एस् : तो झोका किती लवकर आवरला जातो याचें माप, आंकडा जितका लहान तितका आवर अधिक. तिसरा व्ही-ए-एस् : कोनाच्या टांगणीला जितकी लवचीकता आहे, नेमकी तितकीच लवचीकता असणारी हवा किती लिटर, हा आंकडा. पुष्कळ लोक हा तिसरा आंकडा पेटीचें आकारमान समजून सुताराला सांगतात. तसें तें नाहीं.

पेटींतली हवा ही एक कमानच आहे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घाला, खोल सूर निघेल. घागर पाण्यानें भरत जा, सूर चढत जाईल. हवा थोडी तर कमान ताठ. भोंक ठेवलेल्या पेटींतली नळी हें घागरीचेंच तोंड. परंतु ही पेटी कोणत्या स्पीकरला किती मोठी करावी, ह्याचें नेमकें गणित ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील ह्यांनीं १९६१ सालीं मांडलें आणि सिडनी विद्यापीठांत रिचर्ड स्मॉल ह्यांनीं पुढच्या दशकाच्या आरंभीं पूर्णतेस नेलें. विनआयएसडीसारख्या, संगणकावर फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्या हेंच गणित करतात.

एक कल्पित उदाहरण घेऊं. दोन स्पीकर, दोन्ही पंधरा इंची, वॉट सारखे, एफ्-एस् ४०, व्ही-ए-एस् १६० लिटर. एकाचा क्यू-टी-एस् ०.४, दुसऱ्याचा ०.६. बंद पेटींत सपाट, न फुगणारा आवाज हवा असेल तर पहिल्याला सुमारें ७५ लिटरची पेटी पुरते. दुसऱ्याला लागते सुमारें ४१० लिटरची! दुसरा पहिल्याच्या पेटींत बसवा. भोकें जुळतील, स्क्रू जुळतील, पण आवाज ९५ आवर्तनांच्या आसपास थोडासा फुगेल. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर तेथेंच असतो. मग नायक घुमतो आणि शब्द हरवतात.

आमच्याकडे नेहमीं घडणारी गोष्ट ह्याहून वाईट. स्पीकर जळला कीं कारागीर नवा कोन, नवें वेटोळें बसवून देतो. काम सुबक होतें, स्पीकर वाजूंहि लागतो. परंतु कोनाचें वजन आणि टांगणीचा ताठपणा बदलला म्हणजे तिन्ही आंकडे बदलले. जुनी पत्रिका संगणकाला देऊन काय उपयोग? जोशीबुवांचें गणित चोख असलें तरी जन्मवेळ चुकली कीं भविष्य चुकतेंच. घनफूट व लिटर ह्यांची गल्लत तर नित्याचीच. एका घनफुटांत २८.३ लिटर असतात.

शिवाय हे आंकडे थंड वेटोळ्याचे, मंद आवाजाचे असतात. तांबें शंभर अंशांनीं तापलें तर त्याचा रोध सुमारें ३९ टक्क्यांनीं वाढतो. म्हणजे रात्रभर राबलेला स्पीकर पहांटेच्या अंकाला संध्याकाळचा राहत नाहीं; त्याची शक्ति घटते आणि क्यू-टी-एस् वाढतो. नळीच्या पेटींत आणखी एक धोका आहे. नळीच्या सुराखालीं हवेचा आधार सुटून कोन वाऱ्यावर येतो, आणि हातांतून पडलेल्या एका मायक्रोफोनच्या धक्क्यानें फाटतो. तेवढे खालचे सूर यंत्रावरच गाळून टाकावेत.

लाकडाविषयीं विचारतात म्हणून सांगतों. बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीं सागवान गेलें, ह्याचा आम्हांला अभिमानच आहे. पण पेटीला सागवानी फळी नको. ती ऋतूप्रमाणें फुगते, आकसते आणि सांधा उघडा पडतो. अठरा मिलिमीटरचें चांगलें प्लायवुड, आंतून आडव्या पट्ट्या, आणि हवा न निसटणारा सांधा, एवढें पुरे.

जुन्या किंवा कोन बदललेल्या स्पीकरची पत्रिका घरींहि मांडतां येते. स्पीकर मोकळा टांगून, एक ठाऊक रोध मध्यें जोडून, संगणकांतून खालपासून वरपर्यंत सूर सोडावेत. स्पीकरच्या टोंकांवरचा दाब जेथें शिखर गांठतो तो एफ्-एस्. शिखराच्या उंची-रुंदीवरून क्यू-टी-एस् निघतो. मग कोनावर ठाऊक वजनाची माती चिकटवून पुन्हां मोजावें. शिखर किती खालीं उतरलें ह्यावरून आणि कोनाच्या व्यासावरून व्ही-ए-एस् मिळतो. सुतारानें प्लायवुडाला करवत लावण्यापूर्वीं एवढें उरकून घ्यावें.